एक जुनी सुती साडी कापायला घेताना

शिवण शिकायचं ठरलं की बहुतेक जण आधी मशीन बघायला निघतात, मग नवं कापड आणतात. माझं म्हणणं उलटं आहे. मशीन राहू द्या आणि कापड विकत आणू नका, ते घरातच आहे. आईची, आजीची नाहीतर सासूबाईंची, नेसून नेसून मऊ झालेली, आता नेसवत नाही पण टाकवतही नाही अशी एखादी सुती साडी कपाटाच्या तळाशी असतेच. नवशिक्याला तिच्यापेक्षा चांगलं कापड दुकानात मिळणार नाही. ते जेवढं आटायचं तेवढं आटलंय, रंग जायचा तेवढा गेलाय, खळ केव्हाच निघून गेलीय. कात्री थोडी वाकडी चालली तरी मीटरमागे किती गेले याचा हिशोब डोक्यात सुरू होत नाही. शिवाय साडी म्हणजे साधारण साडेपाच मीटर सलग कापड. त्यात ना शिवण, ना चुणी, ना खिसा. एखादा ड्रेस उसवून एवढा मोठा सपाट तुकडा कधीच निघत नाही.

एका साडीतून दोन उशांचे अभ्रे, बाळाचं एक दुपटं, दाराचं तोरण आणि गणपतीच्या मागे लावायला एक पडदा असं सगळं निघतं. सगळं हाताने शिवता येतं. मापं इंचांत दिली आहेत, कारण शिवण क्लासपासून कोपऱ्यावरच्या टेलरपर्यंत सगळे इंचांतच बोलतात.

कात्री हातात घेण्याआधी एकच करा: साडी जिची आहे तिला विचारा. "अगं, तुझ्या बारशाला नेसले होते ती!" हे पदर कापून झाल्यावर ऐकू आलं तर पुढचे दोन दिवस घरात स्वयंपाकाशिवाय आवाज नसतो.

सुती आहे का, ते आधी बघा

"सुतीच आहे" असं घरातली मोठी माणसं खात्रीने सांगतात, पण गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याचशा सुती दिसणाऱ्या साड्यांत पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. मिश्र कापडाचे अभ्रे मुंबईच्या मे महिन्यात गालाला चिकटतात आणि इस्त्री जरा जास्त तापली की आकसतात. म्हणून एक सोपी परीक्षा करा.

साडीच्या कापलेल्या टोकाकडून दोन-तीन उभे, म्हणजे साडीच्या लांबीत जाणारे, धागे ओढून काढा. मग काठाच्या आतल्या बाजूने दोन-तीन आडवे काढा. दोन्ही वेगवेगळे ठेवा, कारण उभा धागा सुती आणि आडवा मिश्र असं सर्रास असतं. मोरीत किंवा सिंकवर, बाजूला पाण्याचा मग भरून ठेवून, एकेक धागा चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती धागा भुरकन पेटतो, कागद जळल्यासारखा वास येतो आणि मागे राखाडी राख उरते. ती बोटात चोळली की पिठासारखी उडून जाते. पॉलिएस्टर आधी ज्योतीपासून मागे सरकतो, वितळतो आणि टोकाला काळा कडक मणी धरतो. तो गार झाल्यावरही बोटाला टोचतो. केस जळल्याचा वास आला तर ते रेशीम आहे. ती साडी परत घडी घालून ठेवा, ती या कामाची नाही. काठ जरीचा असेल तर त्यातला धागा परीक्षेला घेऊ नका, त्यातून काहीच कळत नाही.

कावसजी दावर यांनी १८५४ साली ज्या मुंबईत पहिली कापडगिरणी काढली, त्याच मुंबईत आता सूत ओळखायला काडी पेटवावी लागते. असो.

साडी उजेडात धरा

हे काम घाईचं नाही आणि हे वगळून पुढे गेलात तर दोन धुण्यांत अभ्रा फाटणार हे नक्की. साडीचा फॉल आधी उसवा. ब्लेड वापरू नका. टाके उसवायचा छोटा काटा मॅचिंग सेंटरमध्ये मिळतो, तो घ्या. दर तिसरा-चौथा टाका तोडायचा आणि मग दोरा दुसऱ्या बाजूने ओढायचा, सरसर निघून येतो. फॉल फेकू नका. तो अडीच-तीन मीटर लांब घट्ट सुती पट्टी असतो आणि तोरणाला लागणार आहे.

आता साडी खिडकीत धरा. दोघांनी धरलीत तर बरं, एकट्याने असाल तर खिडकीच्या दांडीवर टाकून वार-वार सरकवत न्या. उजेड आरपार आला की साडी कुठे विरली आहे ते स्पष्ट दिसतं. बसायला येणारा भाग आणि फॉलच्या वरची पट्टी बहुतेक साड्यांत आधी जाते. नेसताना पहिल्यांदा खोचतो ते टोक मात्र बराच काळ धडधाकट राहतं. कुठे शंका आली तर दोन्ही अंगठे जवळ-जवळ टेकवून कापड हलकेच बाजूला ताणा. धागे सरकून जाळी झाली, किंवा 'चर्र' असा बारीक आवाज आला, तर तेवढ्या भागाला खडूने गोल करा. असा भाग टाकायचा नाही, पण त्याला ओढ बसेल अशा जागी लावायचाही नाही. दुपट्याच्या पोटात तो उत्तम जातो.

हे सगळं साडी धुऊन, वाळवून, इस्त्री करून झाल्यावर करा. पावसाळ्यात कापड हाताला कोरडं लागतं पण आत दमट असतं. दमट कापड कापलं की इस्त्रीनंतर मापात फरक पडतो. जुलैत काम काढलंत तर साडी रात्रभर पंख्याखाली ठेवा.

सामान थोडंच लागतं

कापडासाठी वेगळी कात्री घ्या आणि तिच्यावर चिकटपट्टी बांधून "फक्त कापड" असं लिहून टाका. घरात कुणीतरी तिने दुधाची पिशवी कापणारच, पण निदान भांडताना पुरावा असेल. याशिवाय टेप, खडू, टाचण्या, हातशिवणाच्या सुयांचं एक पाकीट आणि दोऱ्याची दोन-तीन रिळं पुरतात. रीळ घेताना दुकानातच हातभर दोरा काढून ओढून बघा. जुना साठ्यातला दोरा तिथल्या तिथे तुटतो. अभ्र्यासाठी कापडाच्या रंगाचा दोरा घ्या, दुपट्यासाठी उठून दिसेल असा.

हे सगळं तुमच्या वस्तीतल्या मॅचिंग सेंटरमध्ये मिळतं. अस्तर, फॉल, बटणं आणि ब्लाउजपीस विकणारं ते अरुंद दुकान, ज्यात काउंटरपाशी एका वेळी दोनच बायका मावतात. त्यासाठी दादर किंवा भुलेश्वर गाठायची गरज नाही. भुलेश्वरला पहिल्याच आठवड्यात गेलात तर लेस आणि गोटे घेऊन याल आणि त्यांचं काय करायचं ते पुढचे सहा महिने कळणार नाही.

टाके तीनच शिका. धावदोरा म्हणजे सुई वर-खाली, वर-खाली, सारख्या अंतराने. उलटा टाका म्हणजे सुई पुढे काढायची, मग एक टाका मागे येऊन पुन्हा पुढे. हा सर्वांत पक्का, मशीनच्या टिपेच्या बरोबरीचा. आणि हेमिंग, म्हणजे दुमडलेली कड सरळ बाजूला दिसणार नाही अशी बारीक टाक्यांनी बसवणं. दोरा खांद्यापासून बोटापर्यंत जेवढा हात आहे तेवढाच घ्या. सुईत परत-परत ओवायचा कंटाळा म्हणून लांब दोरा घेतला की त्याच्या गाठी सोडवण्यात त्याच्या दुप्पट वेळ जातो.

कापणी

साडीची लांबी आणि पन्हा, म्हणजे रुंदी, आधी मोजा. माझा हिशोब २१६ इंच लांब आणि ४५ इंच पन्ह्याच्या साडीचा आहे, तुमच्या साडीत थोडाफार फरक असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करा.

दोन्ही बाजूंचे काठ आधी कापून वेगळे करा. पदरावर काठ शोभून दिसत असेल तर पदराकडच्या ३६ इंचांवरचा काठ मात्र न कापता ठेवा. काठ साधारण तीन-तीन इंचांचे धरले तर मधे ३९ इंचांचं कापड राहतं. सरळ रेघ मारायला पट्टी लागत नाही. काठाच्या आतल्या कडेला कात्रीने छोटी चीर द्या, एक उभा धागा पकडून हळूहळू ओढा. कापडावर बारीक चुण्या पडत जातात आणि धागा निघाला की त्याच्या जागी सरळ, पातळ रेघ दिसते. त्या रेघेवरून कात्री न्या. पिढ्यान्‌पिढ्या बायका सुती कापड सरळ फाडत आल्या आहेत, पण विरलेल्या साडीत फाडण्याचा भरवसा नाही, मधेच तिरकी जाते.

मग आडवे भाग करा. पदराकडून ३६ इंच बाजूला ठेवा आणि त्याला हात लावू नका. राहिलेल्या १८० इंचांतले सर्वांत मजबूत ६५ इंच अभ्र्यांसाठी, ७८ इंच दुपट्यासाठी आणि खडूने गोल केलेला, विरलेला ३७ इंचांचा भाग दुपट्याच्या आतल्या थरासाठी. विरलेली जागा नेमकी मधे आली तर क्रम बदला. मजबूत भाग सलग ६५ इंच मिळत नसेल तर एकच अभ्रा करा, दोनचा हट्ट धरू नका.

कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर खडूने नाव लिहा: "अभ्रा", "दुपटं वर", "दुपटं आत". कापल्यावर सगळे तुकडे सारखेच दिसतात.

अभ्रा

इथे मिळणारी नेहमीची उशी १७ बाय २७ इंचांच्या आसपास असते. अभ्रा १८ बाय २८ चा धरू, म्हणजे उशी सहज जाईल. ३९ बाय ६५ चा तुकडा लांबीत मधोमध चिरला की दोन पट्ट्या होतात. प्रत्येक पट्टी १९ इंच रुंद करा, कडेने इंचभर उरेल तेवढी काढून टाका. १९ का, तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड.

१. पट्टीची दोन्ही आखूड टोकं एकेक इंच आत घ्या: आधी पाव इंच दुमडायचं, मग पाऊण इंच, इस्त्री फिरवायची आणि हेमिंग करायचं. आता पट्टी ६३ इंचांची राहिली.

२. सरळ बाजू वर ठेवून जमिनीवर अंथरा. एक टोक उचलून आत दुमडा, २८ इंचांवर. सरळ बाजूवर सरळ बाजू आली पाहिजे.

३. खालच्या थराचं जे ७ इंच बाहेर उरलंय, ते आता वरून त्या टोकावर दुमडा. क्रम महत्त्वाचा आहे: मोठी घडी आधी, ७ इंचांची घडी नंतर. उलट केलंत तर उशी आत घालायची झडप बाहेर येते.

४. दोन्ही लांब बाजूंना टाचण्या लावा आणि अर्धा इंच आतून उलट्या टाक्याने शिवा. जिथे तीन थर येतात तिथे टाके दोनदा घ्या, उशी घालताना नेमकं तिथेच ओढलं जातं.

५. कडांवरून तिरके टाके घालून धागे बांधून घ्या. जुन्या साडीच्या कडा पटकन सुटतात आणि पहिल्याच धुण्यात मशीनमध्ये धाग्यांचा गुंता होतो. मग अभ्रा उलटवा, चारही कोपरे बोथट पेन्सिलीने बाहेर काढा.

न चेन, न बटण. ७ इंचांची झडप उशी आत धरून ठेवते. पहिला अभ्रा पुरा करायला दोन संध्याकाळी लागतील, दुसरा एकाच बैठकीत होईल.

दुपटं

बाळंतविड्यात झबली, टोपडी, लंगोट, कुंची आणि दुपटी असं बरंच असतं. नवशिक्याने दुपट्यापासूनच सुरुवात करावी. कुंची-टोपड्याला गळ्याशी गोलाई येते, उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लागते, आणि गोलाईत टाका सरळ ठेवणं हे पुढचं काम आहे. दुपटं म्हणजे छोटी गोधडी: तीन थर आणि धावदोरा. पण करायला घेतलं की कळतं, सरळ टाका सरळ ठेवणंही सोपं नाही.

थर तीनच ठेवा, फार तर चार. घाटावर अंगावर घ्यायच्या जाड गोधड्या असतात, तशी इथे काही गरज नाही. मुंबईत थंडी पडते ती जानेवारीत आठ-दहा दिवस. त्याउलट जुलै-ऑगस्टमध्ये दुपटं रोज धुवावं लागतं आणि पाच थरांचं दुपटं गॅलरीतल्या दोरीवर दोन दिवस वाळत नाही, मग त्याला कुबट वास धरतो. पातळ असेल तर रात्रीत पंख्याखाली वाळतं.

७८ इंचांचा तुकडा मधे दुमडला की ३९ बाय ३९ चा दुहेरी चौकोन होतो. त्याच्या पोटात विरलेला ३७ इंचांचा तुकडा घाला. तो बाहेरच्यापेक्षा थोडा लहान आहे, हे बरंच आहे, कडा जाड होत नाहीत. विरलेल्या तुकड्यात भोकं असतील तर आधी त्यांच्यावर साडीचाच एकेक छोटा तुकडा ठेवून चार टाके घाला.

आता अंथरणं. घरातल्या लाद्यांच्या रेषा इथे मोठं काम करतात. जमीन पुसून कोरडी करा. दुपट्याची दुमडलेली बाजू एका लादीच्या रेषेवर धरा, दुसरी बाजू काटकोनातल्या रेषेवर. खालच्या थराचे चारही कोपरे कागदी चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा. वरचा थर अलगद उचलून आतला थर पसरवा आणि तळहाताने मधून बाहेर, मधून बाहेर अशा सुरकुत्या काढत जा. चाळीतली एकच खोली असेल आणि मधे सगळ्यांची ये-जा असेल तर हे काम दुपारी सगळे बाहेर असताना करा. अंथरलेल्या दुपट्यावरून एक जण जरी चालत गेला तरी थर सरकतात.

यानंतर कच्चे टाके. चार-चार इंचांचे मोठे टाके, पांढऱ्या दोऱ्याने, मधल्या बिंदूपासून आठ दिशांना. हे शेवटी काढून टाकायचे आहेत, त्यामुळे दिसायला कसेही असोत. कच्चे टाके टाळून टाचण्यांवर भागवायचा मोह होतो. दुपटं मांडीवर घेऊन शिवताना त्याच टाचण्या मांडीत जातात.

मग तीन उघड्या बाजूंच्या कडा आत घेऊन बारीक टाक्यांनी मिटवा आणि धावदोरा सुरू करा. एका कोपऱ्यापासून कडेला समांतर, कडेपासून दोन बोटं आत. चौकोन पूर्ण झाला की आणखी दोन बोटं आत, दुसरा चौकोन. असं मधल्या बिंदूपर्यंत जायचं. दोन बोटं हेच माप धरा, टेप लावत बसू नका. सुईवर एका वेळी तीन-चार टाके चढवा आणि मग दोरा ओढा, ओळ आपोआप सरळ येते. प्रत्येक वेळी उलटी बाजू बघा: सुई तिन्ही थरांतून गेली आहे ना? पहिल्या दोन ओळींत बऱ्याच वेळा ती वरच्या दोन थरांतूनच परत येते.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा झाला पाहिजे. मोठे टाके पटापट होतात, पण बाळाच्या पायाचं बोट लांब टाक्यात अडकतं. त्याच कारणाने दुपट्यावर आरसे, मणी, टिकल्या, लोंबणारी लेस यांपैकी काही नको. दोऱ्याची गाठ बाहेर ठेवायची नाही. सुई वरच्या थरातून आत घाला, गाठ हलकेच ओढा, 'टप' करून आत जाते आणि थरांच्या मधे बसते.

आणखी एक, आणि हे शिवणापेक्षा महत्त्वाचं आहे. बालरोगतज्ज्ञ वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपण्याच्या जागी उशा, जाड पांघरुणं आणि सैल कापडं ठेवू नका असं सांगतात, कारण ती तोंडावर आली तर श्वास अडतो. दुपटं मांडीवर घेताना, जमिनीवर खेळायला ठेवताना वापरा. बाळ झोपलं की ते तोंडाजवळ नको. आजीने हौसेने मोहरीची उशी पाठवली असेल तर तीही झोपेत नको, हे आजीला सांगायचं काम तुमच्यावर.

तोरण

इथे फॉल आणि काठ दोन्ही कामी येतात. दाराची चौकट मोजा, आपण ३४ इंच धरू. फॉलचा ३६ इंचांचा तुकडा घ्या, उभा दुमडून अडीच इंचांची दुहेरी पट्टी करा, त्यावर काठाचा तेवढाच तुकडा ठेवून चारही बाजूंनी बसवा. हा तोरणाचा पाया. फॉल घट्ट असल्यामुळे पट्टी लोंबत नाही.

पाकळ्यांसाठी काठाचे आठ-आठ इंचांचे अकरा तुकडे कापा. प्रत्येकाचं खालचं टोक मागच्या बाजूला दोन्ही कोपऱ्यांतून दुमडून टोकदार करा, आंब्याच्या पानासारखं, आणि दोन टाके घाला. बाजूच्या कडा आत घेऊन हेमिंग करा. मग दर तीन इंचांवर एक अशी पाकळी पायाच्या मागे शिवा. एवढ्यासाठी एका बाजूचा काठ पुरतो, दुसरा शिल्लक राहतो.

लावताना दार उघडून-मिटवून बघा. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये बाहेर सेफ्टी डोअर आणि आत लाकडी दार, मधे चार बोटांची जागा. पाकळ्या लांब झाल्या की सेफ्टी डोअरच्या जाळीत अडकतात. आठऐवजी सहा इंचांच्या केल्या तर बिघडत नाही.

पदराचा पडदा

बाजूला ठेवलेला पदर कापू नका. कापलेल्या बाजूला हेम घाला, वरच्या बाजूला दीड इंचांची पोकळ दुमड ठेवून शिवा, त्यातून पडद्याचा गज किंवा बांबूची काठी जाते. गणपतीत मूर्तीच्या मागे, चैत्रात गौरीच्या मागे, मुलांच्या वाढदिवसाला भिंतीवर. राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आली, तेव्हापासून कापडाच्या मखरांना पुन्हा दिवस आले आहेत आणि पदराएवढं तयार नक्षीचं कापड कुठेच मिळत नाही. एकच दक्षता: समई आणि निरांजन पडद्यापासून हातभर तरी पुढे असावं आणि पंखा चालू असेल तर त्याहून जास्त. सुती कापड किती चटकन पेट घेतं ते तुम्ही काडी लावून बघितलंच आहे.

काय करू नका

साडीची बाजारहाटाची पिशवी करू नका. सगळ्यांना पहिली तीच सुचते, पण जुनी साडी कांदे-बटाट्याचं वजन पेलत नाही, पिशवीचा बंद शिवणीपाशी नव्हे, कापडातच फाटतो. पिशवीसाठी जुनी जीन्स घ्या. गुडघ्याखालचा पाय कापला की त्याची तळाची दुमडलेली कड हेच पिशवीचं तोंड, तिथे काहीच शिवावं लागत नाही. कापलेली बाजू उलटी करून दोनदा शिवा, दुसऱ्या पायातून पट्टी कापून बंद लावा. पाण्याची बाटली, छत्री आणि डबा घेऊन लोकलमध्ये चढायला ही अरुंद पिशवी फार सोयीची. भाजीसाठी मोठी हवी असेल तर कंबरेचा भाग घ्या. हाताने जीन्स शिवताना बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, घाला, नाहीतर अंगठा दुसऱ्या दिवशी सांगेल.

मशीन कधी

वरचं सगळं हाताने केलंत आणि तरीही पुढे करावंसं वाटतंय, तर मशीन घ्या. हातात धरून चालवायच्या खेळण्यासारख्या छोट्या मशीनवर पैसे घालवू नका. नातेवाइकांकडे माळ्यावर जुनं काळं मशीन पडलेलं असतं, ते दुरुस्तीवाल्याला दाखवा. बहुतेक वेळा पट्टा, साफसफाई आणि तेल एवढ्यावर ते चालू होतं. जागा कमी असेल तर पायाचा सांगाडा न घेता वरचा भाग हाताच्या चाकावर चालवता येतो.

साडीसारख्या पातळ सुतीला ११ नंबरची सुई, चादर किंवा नव्या सुतीला १४, जीन्सला १६. शिवताना कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं तर सगळे बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ, काढून बघत बसतात. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. दाबाचा पाय वर उचला, वरचा दोरा पूर्ण काढा आणि पहिल्यापासून ओवा. तेल मशीनचंच घाला. खोबरेल घातलं तर थंडीत गोठतं, धूळ धरतं आणि मशीन जड होतं. पावसाळ्यात काम झालं की पायाखाली कापडाचा तुकडा ठेवून पाय खाली सोडा आणि मशीनवर सुती कापड झाका, प्लॅस्टिक नको, आत दमटपणा कोंडून गंज चढतो. मशीनखाली जाड चटई घातली की खालच्या मजल्यावरच्यांची दुपारची झोप मोडत नाही.

नवं कापड घ्यायची वेळ आता आली. क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगलदास मार्केट किंवा दादरला हिंदमाता, दोन्हीकडे सुती कापड मीटरवर मिळतं. मंगलदास रविवारी बंद असतं आणि दुपारनंतर गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून सकाळी उघडताच जा. मेट्रो ३ चं काळबादेवी स्थानक तिथून चालत येतं. पन्हा किती ते दुकानदाराला विचारा, ३६ आहे की ४४ यावर किती मीटर घ्यायचं ते ठरतं. आणि साडीने तुम्हाला लावलेली एक सवय इथे मोडावी लागेल: हे कापड अजून आटायचं आहे. तीन मीटर लागणार असेल तर सव्वातीन घ्या, घरी आणून रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच खडू हातात घ्या. गडद लाल किंवा निळं असेल तर ते एकटंच भिजवा.